छातीवरचा तवा

आधी कस्तुरअक्काचं नाव लिहिते, मग बाकीचं. माझा स्वभावच असा, की भीतीच्या गोष्टी सांगायला बसले की त्याच वाढत जातात, आणि जिनं त्यातून बाहेर काढलं ती बाई मागं राहून जाते. तसं होऊ नये. कस्तुरअक्का हुबळीजवळच्या रायापूरची. बुटकी, हातांचे पंजे पुरुषासारखे रुंद, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, आणि बोलताना समोरच्याकडं न बघता हातातल्या कामाकडं बघायची सवय. ती माझ्या नात्यातली नाही. तिची भाषा कानडी, माझी मराठी, आणि तीही लोणारकडची, जिला हुबळीची मराठी माणसंसुद्धा पहिल्यांदा हसायची. तिनं माझ्यासाठी जे केलं ते करायचं तिला काही कारण नव्हतं. न करायची कारणं मात्र पुष्कळ होती.

सातवी झाल्यावर माझी शाळा सुटली. पुढची शाळा लांबच्या गावाला, आणि पोरीला एकटी पाठवायला दादा तयार नव्हते. दादा म्हणजे माझे वडील. गंमत बघा, शाळेला चार कोस पाठवायला जे घाबरले त्यांनीच मला सतराव्या वर्षी आत्याकडं, इतक्या लांब हुबळीला पाठवलं. आत्याचे यजमान वारले होते आणि तिनं घरात भाकरीचा धंदा सुरू केला होता. दुर्गदबैलाच्या बाजारामागच्या एका बोळात तिचं घर. पुढच्या खोलीत भाकरीच्या बुट्ट्या, मधल्या खोलीत शहाबादी फरशी आणि पाच चुली, मागं मोरी आणि ज्वारीची पोती. खानावळींना मऊ भाकरी जायच्या, दुकानांना वाळवलेल्या कडक. आम्ही पाचजणी करायला. मी आणि रत्ना तिथंच राहायचो, बाकीच्या तिघी घरून यायच्या. त्यातली एक कस्तुरअक्का, रायापूरहून पहाटेच्या पहिल्या बसनं येणारी.

त्या घरातला आवाज अजून माझ्या कानात आहे. बाहेर हातगाडीवाले "साइड, साइड" करत एकमेकांच्या आयाबहिणी काढतायत, रिक्षांचे भोंगे, आणि आत पाच काटवटींवर पाच तऱ्हेचं थापणं. डोळे मिटूनसुद्धा मी सांगू शकायचे कुणाचा हात कुठला. रत्नाचा घाईचा, मध्येच अडखळणारा. कस्तुरअक्काचा सावकाश, एकसारखा, आणि तरी सगळ्यांत जास्त भाकरी तिच्याच. ज्वारीचं पीठ आम्ही उकळत्या पाण्यात भिजवायचो, त्याशिवाय पातळ भाकरी वळत नाही. ते गरम पीठ मळून मळून तळहात असे पेटायचे की भांडं धरवायचं नाही. खायला मात्र आत्यानं कधी कमी केलं नाही. भरल्या वांग्यांची एणगाई, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, घट्ट दही, वर पातीचा कांदा. महिन्यातून एकदा गिरमिट, म्हणजे तिकडचे कालवलेले चुरमुरे, आणि मिरची भजी. घरची आठवण आली तरी मी जेवायचे पोटभर, हे कबूल करते.

दुपारी, बुट्ट्या गेल्या की "हात निववायची" वेळ. हा आत्याच्या घरचा रिवाजच होता. सगळ्यांनी फरशीवर ओळीनं उताणं पडायचं, दोन्ही हात बाजूला पसरायचे, तळवे वर, आणि त्यांवर ओली फडकी टाकायची. "उद्याचे हात आज निववायचे," आत्या म्हणायची. पहाटे चारला उठलेल्या आम्ही, अंग टाकलं की दगड. फक्त कस्तुरअक्का या रिवाजाला जुमानायची नाही. ती कडेला भिंतीकडं तोंड करून, अंग मुडपून, हात काखेत घालून पडायची. रत्नानं तिचं नाव "भिंतीची सून" ठेवलं होतं. "सासूबाई काय म्हणतात गं अक्का?" असं ती विचारायची, आणि अक्का भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणायची, "म्हणतात, रत्नाला एक नवरा बघा, तोंड बंद करणारा."

पहिल्यांदा ते झालं ते अशाच एका दुपारी. मी जागी झाले. हे नीट सांगते, कारण पुढं कुणाला पटेना: मी जागी झाले होते. वरची तुळई दिसत होती, तिच्यावरचं कोळिष्टक दिसत होतं. बाहेर कुणीतरी गाडी लावण्यावरून भांडत होतं, ते ऐकू येत होतं. उठावं म्हटलं तर हात हलेना. बोट हलेना. जीभ तोंडात धोंड्यासारखी. आणि मग थापण्याचा आवाज सुरू झाला. थप, थप, थप. सगळ्याजणी झोपलेल्या, मग थापतंय कोण? आवाज जवळ आला, आणि मला कळलं की तो माझ्या छातीवरच होतोय. कुणीतरी बाई माझ्या बाजूला मांडी घालून बसली होती, काटवटीपुढं बसावं तशी. पदर दिसला, कोपर दिसलं, तोंड नव्हतं. एकेका थापेबरोबर माझा श्वास पातळ होत चालला. मी ओरडले, म्हणजे आतल्या आत ओरडले. बाहेर आलं ते नुसतं "हूं, हूं". मग एकदम अंग सुटलं आणि मी धडपडत उठून बसले. कुणी नव्हतं. रत्ना एका डोळ्यानं बघत होती. "स्वप्नात नवरा आला होता काय गं?" म्हणाली.

आठवड्यात पुन्हा झालं. मग दिवसाआड. मी आत्याला सांगितलं, आणि आत्याचं तोंड उतरलं. ती वाईट बाई नव्हती. तिनं दार लावून घेतलं आणि हळू म्हणाली, "मंगल, बाहेर एक शब्द बोलायचा नाही. आपल्या घरचं लोक खातात, बाई. भाकरीच्या घरात बाहेरचं शिरलंय म्हटल्यावर कोण घेईल?" मग तिनं तिच्या समजुतीप्रमाणं उपाय काढला. त्याला लोखंड सोसत नाही, म्हणून उशाला उलथणं. तरी झालं. मग उलथणं छातीवर ठेवून झोपायचं ठरलं. तरी झालं. मग लोखंडी बत्ता. प्रत्येक वेळी आत्या आधीच्यापेक्षा जड काहीतरी शोधून आणायची, आणि शेवटी माळ्यावरचा जुना तवा खाली आला, ज्यावर तिच्या सासूनं भाकरी केल्या होत्या. अट एकच: लोखंड अंगावरून घसरता कामा नये. घसरलं की वाट मोकळी झाली. म्हणून मी उताणी, सरळ, जराही कुशीला न वळता पडायचे, छातीवर तवा घेऊन. आणि रोज ते यायचं.

आज हे लिहिताना हसू येतं आणि लगेच जातं. इतकी साधी गोष्ट आत्याच्या किंवा माझ्या डोक्यात आली नाही. जितकं वजन वाढवलं तितकं ते वाढलं, आणि जितकं ते वाढलं तितकं आम्ही वजन वाढवलं. मला तर वाटायचं, एवढ्या तव्यालाही जुमानत नाही म्हणजे केवढं मोठं असेल ते.

आणखी एक नियम होता. कुणाला असं दडपण आलं तर त्याला शिवायचं नाही, शिवलं तर ते शिवणाऱ्याकडं येतं. त्यामुळं मी फरशीवर "हूं, हूं" करत पडलेली असायचे आणि चौघी जागच्या जागी बसून बघत राहायच्या. रत्नासुद्धा. तिचे पाय मला दिसायचे, अंगठ्याला जोडव्यासारखं गुंडाळलेलं चिंधीचं फडकं दिसायचं, आणि ते पाय मागं सरकताना दिसायचे. त्या बिनतोंडाच्या बाईपेक्षा त्या पायांचं मला जास्त लागलं.

मग मी झोपायचंच सोडलं. दुपारी तवा घेऊन पडायचे आणि डोळे ताणून तुळई बघायचे. रात्री भिंतीला टेकून बसायचे. तीन-चार दिवसांनी माझी मान चुलीपुढं पडायला लागली. भाकरी करपल्या. एकदा पुढं झुकले ती थेट तव्यावर. कस्तुरअक्कानं वेणी धरून मागं ओढलं म्हणून तोंड वाचलं, मनगट भाजलं.  माझी वेणी तिनं जरा जास्तच वेळ धरून ठेवली, एवढं आठवतं. त्या संध्याकाळी आत्यानं गावच्या दुकानात फोन करून दादांना निरोप ठेवला: पोरीला घेऊन जा.

 गावाला जायची भीती मला का होती ते सांगायला हवं. माझी चुलत बहीण इंदू. ती झोपेत उठून चालायची. तिला दर अमावास्येला एका जाणत्याकडं न्यायचे. मिरच्यांची धुरी, केस धरून घुमवणं, आणि तोंडून नाव वदवून घेईपर्यंत छडी. नाव कुणाचं, तर जे धरलंय त्याचं. इंदूनं एकेकदा एकेक नाव सांगितलं, जे सुचेल ते. पुढं तिला कुणी मागणी घातली नाही, आणि ती घरातल्या कोपऱ्यात बोलेनाशी होऊन गेली. मला माझा कोपरा दिसत होता. मी आत्याचे पाय धरले. ती रडली, पण म्हणाली, "मी तरी काय करू गं? उद्या चुलीत पडलीस तर तुझ्या बापाला काय सांगू?"

दादा तिसऱ्या दिवशी सकाळी आले. पिशवीत माझ्यासाठी गावचे चिंचेचे गोळे होते. माझ्याकडं त्यांनी एकदाच बघितलं. ते आत्याशीच बोलत राहिले. जेवणं झाली. आत्या म्हणाली, "दादा, मी सांगून तुला पटायचं नाही. दुपारी तूच बघ." मला फरशीवर निजवलं, तवा ठेवला. मी जागी राहायचं ठरवलं होतं, पण इतक्या दिवसांची झोप. डोळ्यांनी ऐकलं नाही.

जाग आली ती आतच. तुळई दिसत होती. थप, थप सुरू झालं होतं. पण त्या दिवशी बाईच्या पलीकडं माझी माणसं होती आणि त्यांचं सगळं मला ऐकू येत होतं. दादा म्हणत होते, "डोळे उघडे आहेत की हिचे! मंगे, ए मंगे!" ते पुढं आले असावेत, कारण आत्या ओरडली, "शिवू नको! आत्ता अंगात आहे. आत्ताच धुरी द्यायची, म्हणजे इथंच सुटेल, गावापर्यंत न्यायलाही नको." कुणीतरी निखारे आणले. मिरची पडल्याचा चरचराट मी ऐकला. वास आला. लोकहो, ज्याला श्वास पुरत नाही त्याच्या नाकाशी मिरचीचा धूर येतोय आणि त्याला मान वळवता येत नाही, ही गोष्ट मला याहून चांगली सांगता येणार नाही. मी इंदूसारखी नावं शोधायला लागले होते. कुणाचं सांगू? कुणाचं सांगितलं की सोडतील?

तेवढ्यात तवा फरशीवर आपटल्याचा आवाज झाला. इतका मोठा, की बाहेरचे हातगाडीवालेसुद्धा गप्प झाले. कुणीतरी माझ्या पायाचा अंगठा धरून करकचून पिळला, आणि अंग सुटलं. मला कुशीवर ढकललं गेलं, पाठीत दोन धपाटे बसले, आणि मी खोकत, नाक-डोळे गळत, फरशीला गाल लावून पडले. माझ्या पायाशी कस्तुरअक्का बसली होती. निखाऱ्यांवर तिनं माझ्याच हातावरचं ओलं फडकं टाकलं होतं.

"अक्का, शिवलीस तू!" रत्ना किंचाळली.

"शिवले. आता काय करतेस, मला पण धूर देतेस?" अक्का म्हणाली. मग आत्याकडं वळली. तिची मराठी मोडकी होती, रागानं आणखी मोडली. "बाई, ही काय भूत-बित नाही. ननगू आगतैती. मला पण होतं. लहानपणापासून होतं. छातीवर बसतं, गळा दाबतं, सगळं. उताणी पडली की येतं. म्हणून मी भिंतीकडं तोंड करून झोपते. तुम्ही हिला उताणी पाडता, वर तवा ठेवता, आणि म्हणता जात का नाही. कसं जाईल?"

 आत्या तिच्याकडं बघत राहिली. मला त्या वेळी कळलं नव्हतं, पण नंतर कळलं, त्या बघण्यात काय चाललं होतं. आत्याच्या घरात इतकी वर्षं सगळ्यांत जास्त भाकरी ज्या हातांनी केल्या, त्या हातांना "ते" होतं. एकीला घालवायचं तर दुसरीलाही घालवायला हवं. आणि अक्काचा नवरा तेव्हा अंथरुणाला खिळलेला. त्या कामाखेरीज तिच्या घरात दुसरं काही येत नव्हतं. आत्या "जा" म्हणाली असती तर ती कुठं गेली असती, कोण जाणे.

बोलले ते दादा. त्यांना कानडी येत नव्हती, पण त्यांनी अक्कापुढं हात जोडले आणि विचारलं, "ताई, मग ह्यानं मरत नाही ना माणूस?"

"मेले असते तर तुमच्या बहिणीच्या भाकरी कोणी केल्या असत्या?" अक्का म्हणाली. आत्याला हसू आलं. रडता रडताच आलं, पण आलं. तिनं तवा उचलला, त्याची कड फरशीवर आपटून वाकली होती, आणि तो घेऊन ती माळ्याकडं गेली.

दादा एकटेच परत गेले. अक्का मला देशपांडे नगरातल्या एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, थापणाऱ्या बाईसकट, आणि एकदाही हसल्या नाहीत. म्हणाल्या, झोपेत अंग आपोआप बांधलेलं असतं, नाहीतर माणूस स्वप्नातलं सगळं अंथरुणात करेल. कधी कधी मन आधी जागं होतं आणि अंग मागं राहतं, तेवढ्यात स्वप्न डोळ्यांसमोर चालूच असतं. कमी झोप, तुटक झोप, भीती आणि उताणं पडणं, यानं वाढतं. अक्का बाजूला बसून माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढी वर्षं मला वाटायचं, मी काहीतरी पाप केलंय."

तरी मला झोपायची भीती गेली नव्हती. मग अक्कानं एक युक्ती काढली. अडकल्यावर हात हलत नाहीत, आवाज निघत नाही, पण श्वास आपला असतो, हे तिला तिच्या अनुभवानं माहीत होतं. "आत अडकलीस की जोरात श्वास घे, तीन वेळा. मी ऐकते. अंगठा पिळते. अंजब्याड, तंगी." भिऊ नको, धाकट्या बहिणी. त्या दिवसापासून दुपारी मी कुशीवर झोपायचे आणि ती माझ्या पायाशी बसून ज्वारी निवडायची. दोन महिने. पहिल्या आठवड्यात तिनं चारदा अंगठा पिळला असेल, मग दोनदा, मग नाहीच. हळूहळू माझी झोप भरली, आणि झोप भरली तशी ती बाई यायची कमी झाली. आत्यानंही रात्रीची निजानीज लवकर करायला सुरुवात केली आणि हात निववायचे ते घमेल्यातल्या पाण्यात, बसून.

बऱ्याच दिवसांनी मी अक्काला विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, पण राहवलं नाही. "अक्का, तुला माहीत होतं, तर तव्याच्या आधी का नाही बोललीस?" ती ज्वारीतला खडा काढत होती. खडा काढून झाल्यावर म्हणाली, "भ्याले. तुला आत्या होती. मला कोण होतं?" आणि पुन्हा खाली बघून, "तू चुलीवर पडलीस ना, त्या दिवसापासून मला पण झोप नव्हती." मला तिचा राग यायला हवा होता का, याचा मी पुष्कळदा विचार केलाय. आला नाही. भीती काय असते ते मला कुणी शिकवायला नको.

आता मी पन्नाशी ओलांडलीय. लग्न धारवाडात झालं. नवरा मला बघायला आला त्याच दिवशी मी हे सांगून टाकलं होतं, आणि तो अंगठा पिळण्यात तरबेज झाला. ते अजून होतं, वर्षातून दोनचारदा, दगदग झाली की. अजून भीती वाटते. डॉक्टरीणबाईंचं सगळं पाठ आहे तरी वाटते. फरक एवढाच, की मी आता कुणाचं नाव शोधत नाही.

लोक म्हणतात अक्कानं माझं तोंड वाचवलं, संसार वाचवला. ते खरंच. पण मला राहून राहून दुसरंच आठवतं. ती पहाटे तीनला रायापुरात उठायची, मला झोपवून स्वतः जागी बसायची, आणि संध्याकाळी पुन्हा बसनं घरी जाऊन नवऱ्याचं करायची. तिला स्वतःला हा आजार, कमी झोपेनं वाढणारा, हे तिनं माझ्या शेजारी बसूनच ऐकलं होतं. त्या दोन महिन्यांत तिला किती वेळा आलं असेल ते तिनं सांगितलं नाही आणि मी मूर्ख, विचारलंही नाही.

ती आता सत्तरीपलीकडं आहे. गुडघे गेलेत. मुलगा-सून कामावर जातात, दिवसभर घरात एकटी. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाली, दुपारी आडवं व्हायला भीती वाटते, आलं तर घरात कुणी नसतं. हसत म्हणाली. मी म्हटलं, लेकीचं बाळंतपण उरकलं की मी रायापूरला येऊन राहते, चांगले दोन महिने. "बा, बा," म्हणाली, "ये की. पण मी जिवंत असताना ये."

येणार आहे अक्का. जेवण झालं की तू झोप, हवी तेवढी. मी जागी असेन.